पथारीवरची बिनकामाची इंडेक्स

मी काय काम करतो असं कोणी विचारलं, की आमचे नाना सांगतात, "कम्प्युटर हळू चालत असला तर हा त्याला पळवतो." नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. डेपोच्या खिडकीत बसून त्यांनी उभा जन्म माणसांना एका वाक्यात उत्तरं दिली, त्यामुळे त्यांचं कुठलंच उत्तर याहून लांब होत नाही. या एका वाक्याचा परिणाम असा, की मी पुण्याची नोकरी घरून करायला नंदुरबारला परत आलो त्या वर्षी गल्लीतल्या लोकांनी माझ्याकडे हळू चालणारे मोबाईल आणले, हळू चालणारा टीव्ही आणला, आणि शेजारच्या मावशींनी मिक्सर आणला.

माझं खरं काम डेटाबेसचं. एखाद्या कंपनीची माहिती टेबलांमध्ये भरलेली असते, कोणी तिला प्रश्न विचारतं, आणि उत्तर यायला वेळ लागला की तो का लागला हे मी शोधतो. बहुतेक वेळा दोष निघतो ऑप्टिमायझरचा. ऑप्टिमायझर म्हणजे डेटाबेसच्या आतला ठरवणारा. प्रश्न आला की तो आधी अंदाज बांधतो, उत्तरात किती ओळी येतील, आणि त्यावरून कुठल्या वाटेने जायचं ते ठरवतो. अंदाज बांधायला त्याच्यापाशी आकडेवारी असते. अंदाज चुकला, की वाट चुकते. हे मी आईला एकदा नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि याचा पगार देतात?"

नंदुरबारला घरून काम करण्यात एक अडचण मात्र पुण्यात कोणाला समजावता येत नाही. हिवाळ्यात गावाभोवती मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मोकळ्या मैदानांवर नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा आमच्या गल्लीकडे वळला की मी मीटिंगमध्ये शिंकायला लागतो. माझ्या वरिष्ठ बाई बंगळुरूहून दर वेळी काळजीने म्हणतात, की मी एकदा डॉक्टरांना दाखवावं.

अशीच एक पथारी माझ्या शाळेतल्या मित्राची आहे. त्याचं घराणं राजस्थानातून आलेलं, व्यापारी. आता घरात मारवाडी, बाजारात अहिराणी आणि दलालांशी हिंदी अशा तिन्ही भाषा तो एका दमात बोलतो. पथारीचा कारभार खरा पाहतात त्याची बायको, म्हणजे आमच्या भाभी, आणि खुर्ची सांभाळतात त्याचे वडील. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. मित्र काय करतो हे सांगणं अवघड आहे. तो फिरतो, बघतो, आणि काय बघितलं ते येऊन सांगतो.

त्यांच्या पथारीसाठी मी एक छोटी प्रणाली करून दिली होती. कुठल्या गावचा लॉट कुठे पसरलाय, तो रोज किती वाळला, कधी उलटला, याच्या नोंदी भाभी त्यात घालत. एका टेबलात लॉट, दुसऱ्या टेबलात रोजच्या नोंदी. एका पडद्यावर तालुका निवडायचा, गाव निवडायचं, की त्या गावचे सगळे लॉट, कुठला ओला कुठला सुका यासकट, समोर. तालुका आणि गाव दोन्ही घालावं लागे, कारण आमच्या भागात गावांची नावं ठेवताना लोकांनी फार डोकं शिणवलेलं नाही. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत सापडतात.

त्या हिवाळ्यात मित्राला साफसफाईचं वेड लागलं. मोबाईलवर त्याने कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. जी वस्तू हंगामभर हातात आली नाही ती घराबाहेर, असा त्याचा सारांश. आधी ऑफिसातला जुना तराजू गेला. मग बाबूजींचं गादी घातलेलं लाकडी बाक गेलं, आणि त्या दिवसापासून बाबूजी प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसू लागले. मग त्याची नजर कम्प्युटरवर गेली.

मी चहाला गेलो होतो तेव्हा त्याने पडदा माझ्याकडे वळवला. डेटाबेसने स्वतःच दाखवलेला अहवाल होता, कुठली इंडेक्स कितीदा वापरली गेली त्याचा. इंडेक्स म्हणजे टेबलातली ओळ चटकन सापडावी म्हणून क्रमाने लावून ठेवलेली सूची. तालुका आणि गाव या जोडीवरच्या इंडेक्ससमोर शून्य होतं.

"भाऊ, हाई इंडेक्स कोण वापरस?" त्याने विचारलं.

"वापरत नसेल कोणी. हंगामात थोड्याच गावांची मिरची असते, एकेका गावचे पुष्कळ लॉट. अख्खं टेबल वाचणं त्याला स्वस्त पडतं."

"मंग ठेवानी कसाले?"

"राहू दे. मी आई-नानांना घेऊन तोरणमाळला चाललोय. आलो की बघू."

"बरं," तो म्हणाला. माझा हा मित्र 'बरं' म्हणाला की त्याने ऐकलं असं समजायचं. मानलं असं नाही.

तोरणमाळला जायचं हा नानांचा हट्ट. नोकरीत असताना त्यांनी तोरणमाळची गाडी शेकडो वेळा सोडली होती, पण त्या गाडीत बसून ते स्वतः कधी वर गेले नव्हते. थंडी कडक होती. आम्ही वर मुक्काम केला, तलावाकाठी बसलो, आईने सगळ्यांची तोंडं पोळतील इतका ठेचा आणि बेसन खाऊ घातलं. माझ्या फोनला वर नेटवर्क नव्हतं आणि ती मला त्या सहलीतली सर्वांत सुखाची गोष्ट वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली निघालो. आभाळ भरून आलं होतं. घाटात एका वळणावर फोनला अचानक नेटवर्क मिळालं आणि तो माझ्या खिशात थरथरायला लागला. थांबेचना. मी गाडी कडेला घेतली. मित्राचे फोन, भाभींचे फोन, मग पुन्हा मित्राचे. शेवटचा निरोप बाबूजींच्या फोनवरून होता, आणि त्यात नुसते हात जोडलेले होते.

मी फोन लावला. मित्राने उचलला.

"कोठे शे तू? ढग ई ग्यात रे! पडदा उघडतच नही!"

"कुठला पडदा?"

"तालुका-गावना! गोल फिरी ऱ्हायना, फिरीच ऱ्हायना!"

पथारीवर ढग येणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. वाळलेली मिरची भिजली तर काळी पडते, बुरशी धरते, आणि कोणी हात लावत नाही. ओला लॉट थोडा भिजला तर पुन्हा पसरता येतो. म्हणून ताडपत्री आधी वाळलेल्या लॉटवर घालायची. आणि कुठला लॉट कुठे आणि किती वाळला, हे त्या एका पडद्यावर. तो आतापर्यंत बघता-बघता उघडत होता. आज भाभींनी नंदुरबार तालुका, धानोरा असं निवडलं होतं आणि तेव्हापासून मशीन नुसतं विचार करत बसलं होतं.

"तू काल काय केलंस?" मी विचारलं.

"मी काहीच करं नही."

मागून भाभींचा आवाज आला. "फोन इकडे द्या." मग त्या स्वतः बोलल्या. "भैया, काल संध्याकाळी यांनी कचरा काढला. कम्प्युटरमधला."

"ती इंडेक्स?"

"हां, वही. म्हणाले, बिनकामाची होती."

मी लॅपटॉप काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला, फोनच्या नेटवर जोडला. नेटवर्क लगेच गेलं. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला, संरक्षक कठड्यापाशी गेले आणि हात वर केला. नेटवर्क आलं. हात खाली आला की गेलं.

"नाना, हात तसाच ठेवा."

"ठेवस ना," नाना म्हणाले, आणि कठड्याला टेकून, हात सरळ आभाळाकडे करून उभे राहिले.

आई गाडीतून उतरली. तिने आधी नानांकडे पाहिलं, मग दरीकडे, मग म्हणाली, "त्यांना जरा आत घे रे. कठडा बुटका आहे."

तेवढ्यात वरून एक वडाप जीप आली. भरगच्च, दोघं-तिघं मागे लटकलेले. ड्रायव्हरने आम्हाला पाहिलं. गाडी कडेला, बॉनेटवर एक माणूस वाकलेला, एक म्हातारा दरीच्या काठावर हात वर करून उभा. त्याने करकचून ब्रेक मारला. माणसं धावत उतरली.

"काय व्हयनं? गाडी बंद पडनी का?"

"नही," नाना हात न हलवता म्हणाले. "गाडी बरोबर शे. इंडेक्स निंघी गयी."

जीपमधली माणसं गंभीर झाली. एकाने खाली वाकून आमच्या गाडीखाली पाहिलं. दुसरा मागच्या रस्त्याने थोडं चालत गेला. पडली असेल तर सापडेल, या आशेने. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शहाद्याले भेटी जाई. पण जुनीच बसाडज्या, नवी टिकत नही."

मी हो म्हणालो. तेव्हा माझ्यासमोर ऑप्टिमायझरने निवडलेली वाट उघडली होती आणि मला हसू फुटत होतं. धानोऱ्याच्या लॉटांबद्दल त्याचा अंदाज होता: एक. एक ओळ येईल. प्रत्यक्षात हंगामाची निम्मी पथारी धानोऱ्याच्या मिरचीने भरलेली होती.

हे कसं झालं ते मी बॉनेटवर वाकूनच भाभींना सांगितलं, कारण त्या पुन्हा फोनच्या स्पीकरवर होत्या आणि 'का' कळल्याशिवाय त्या कोणाचं ऐकत नाहीत. टेबलाची आकडेवारी सांगत होती, की तालुके इतके आणि गावं इतकी. त्यावरून तो हिशेब करतो. नंदुरबार तालुका म्हटल्यावर सगळ्या लॉटांचा एक हिस्सा उरला. धानोरा म्हटल्यावर त्या हिश्शाचाही बारीक हिस्सा. असं भागत-भागत तो एका ओळीवर पोचला. पथारीवरचा धानोरा नंदुरबार तालुक्यातलाच, म्हणजे धानोरा म्हटलं की तालुका आपोआप आलाच, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मग काल कसं ठाऊक होतं?" भाभींनी विचारलं.

"त्या इंडेक्समुळे. तालुका आणि गाव यांच्या वेगवेगळ्या जोड्या किती, याचा आकडा तिच्यापाशी असायचा. जोड्या जवळपास गावांइतक्याच आहेत म्हणजे तालुक्याने वेगळं काही गाळलं जात नाही, हे तो तिच्या आकड्यावरून ओळखायचा. वाट टेबलाची धरायचा, पण अंदाज इंडेक्सकडून घ्यायचा."

"आणि अहवालात शून्य कसं?"

"तिच्या वाटेने कोण गेलं ते मोजतात, भाभी. तिला विचारून कोण गेलं ते मोजत नाहीत."

मग मित्राचा बारीक आवाज आला, "हाई माले कोणी सांगेल नही."

नानांनी हे सगळं हात वर ठेवून ऐकलं होतं. "एक माणूस शे समजीसन जीप धाडी," ते म्हणाले, "आनि निंघनी आख्खी जत्रा." मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन माझ्या कंपनीतही कोणी केलं नव्हतं. तसंच झालं होतं. एकच लॉट मिळेल असं धरून त्याने एकेका लॉटसाठी नोंदींचं अख्खं टेबल पहिल्यापासून चाळायची वाट धरली. एका लॉटला ते चाललं असतं. धानोऱ्याच्या लॉटांना ते संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. सगळे लॉट येणार हे कळलं असतं, तर त्याने दोन्ही टेबलं एकदाच वाचून जुळवून टाकली असती.

मी आधी ती अडकलेली क्वेरी, म्हणजे भाभींनी विचारलेला प्रश्न, मारली आणि मग इंडेक्स पुन्हा बांधायला घातली. इंडेक्स बांधताना डेटाबेस तिची आकडेवारी सोबतच गोळा करतो, तेवढा दिलासा होता. नेटवर्क मध्येच डगमगलं. "नाना, वर!" मी ओरडलो. नाना चवड्यांवर चढले.

"हात दुखी ऱ्हायना मन्हा," ते म्हणाले.

जीपमधल्या एका उंच माणसाने पुढे होऊन काही न बोलता नानांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःचा हात वर केला. तो नानांपेक्षा चांगला वीतभर उंच होता. नेटवर्क एकदम भरून आलं. जीपमध्ये बसलेल्या बायका आपसात पावरी बोलीत काहीतरी बोलल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मला पावरी येत नाही, पण विषय मी होतो एवढं कळलं.

इंडेक्स बांधून झाली. "आता बघा," मी म्हणालो.

पलीकडून आधी बटण दाबल्याचा आवाज, मग भाभींचा श्वास, आणि मग त्या फोन टाकून बाहेर पळाल्या. फोन चालूच होता. मला लांबून त्यांचा आवाज ऐकू येत होता, लॉटचे नंबर पुकारत, आणि पथारीवरच्या बायांचे ओ देणारे आवाज, ताडपत्री ओढल्याचा फरफराट. मध्येच मित्र ओरडत होता, "हाई नही, ती! ती!" आणि त्याहून मोठ्याने भाभी, "तुम्ही बाजूला व्हा!"

"व्हयनं का?" उंच माणसाने विचारलं.

"व्हयनं," मी म्हणालो. त्याने फोन माझ्या हातात दिला. सगळे पुन्हा जीपमध्ये बसले. गाडीखाली पाहणारा शेवटपर्यंत समाधान न झाल्यासारखा मागे वळून बघत होता.

पाऊस पडला. फार नाही, पण टपोऱ्या थेंबांची एक सर नंदुरबारवरून गेली. आम्ही शहादा ओलांडत होतो तेव्हा भाभींचा फोन आला. वाळलेले सगळे लॉट झाकून झाले होते. ओल्यातले काही भिजले, त्यांना आता पुन्हा उलटावं लागणार होतं. ताडपत्री ओढण्याच्या गडबडीत मित्र मिरचीत पडला होता आणि डोळे चोळल्यामुळे त्याला दिसत नव्हतं, ही बातमी त्यांनी सगळ्यांत शेवटी, आणि काहीशा प्रसन्न आवाजात दिली.

दुसऱ्या दिवशी मी पथारीवर गेलो. ढग गेले होते, ऊन लख्ख होतं, बाया ताडपत्र्या घड्या घालत होत्या. मित्र लाल डोळ्यांनी ऑफिसात बसला होता. त्याचा अजूनही विश्वास बसलेला नव्हता.

"म्हणजे ती स्वतः काही काम करत नही," तो म्हणाला, "नुसती माहिती देस. आनि तेवढ्यासाठी ठेवानी?"

भाभी पडद्यावर नोंदी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हाला नाही का ठेवलं?"

बाबूजींना प्लास्टिकच्या खुर्चीत असा ठसका लागला की मला उठून पाणी द्यावं लागलं. मिरचीचा की हसण्याचा ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मित्राचं मन राखावं म्हणून मी म्हणालो, की यावर दुसरा उपाय आहे. तालुका आणि गाव यांची एकत्र आकडेवारी टेबलापाशीच ठेवता येते. डेटाबेसला तसं सांगावं लागतं, की या दोन रकान्यांकडे सुटे-सुटे बघू नकोस, जोडीने बघ. मग इंडेक्स काढली तरी अंदाज चुकत नाही. मित्राचे डोळे लाल असूनही चमकले. मी तिथेच बसून ती आकडेवारी गोळा केली. आता इंडेक्स काढून दाखवतो म्हणालो, तर बाबूजींनी हात वर केला. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगात पाहिलं. त्या वेळचा चौघडिया, म्हणजे मुहूर्त, बरा नव्हता. चहा झाला, कचोरी झाली, 'काळ' टळून 'शुभ' लागला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

मी इंडेक्स काढली. भाभींनी नंदुरबार निवडलं, धानोरा निवडलं, आणि बटण दाबताना डोळे मिटून घेतले. पडदा चटकन उघडला. सगळे लॉट, ओले-सुके नोंदीसकट. त्यांनी शहादा पाहिला, तळोदा पाहिला, नवापूर पाहिलं. सगळं उघडलं.

"बघा!" मित्र म्हणाला. तो उठून उभाच राहिला. "मी काय सांगेल होतं?"

भाभींनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पसरलेल्या मिरचीकडे, मग नवऱ्याकडे. "भैया," त्या मला म्हणाल्या, "चाललं ना सगळं?"

"चाललं."

"मग आता ती परत घाला."

"पण भाभी, गरज नाही तिची. खरंच नाही. उगीच जागा खाते, प्रत्येक नवी नोंद घालताना तिलाही भरत बसावं लागतं."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "यंदाचा हंगाम निघू द्या."

मी बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी पंचांगाकडे बघत होते. मित्र बसला आणि त्याने टेबलाचा खण उघडून त्यात पडलेली जुनी पेनं एकेक करून कागदावर चालवून बघायला सुरुवात केली. मी इंडेक्स परत घातली.